भिशीचे साठ हजार आणि वहीतल्या तारखा

भिशी लागली तो रविवार होता, ३ ऑगस्ट २०२५. बारा जणींची भिशी, महिन्याला प्रत्येकीचे ५,०००. चिठ्ठीत माझं नाव निघालं आणि ६०,००० रुपये घेऊन मी घरी आले. या चिठ्ठीकडे मी चार महिने डोळे लावून बसले होते, कारण माझा जुना लॅपटॉप पावसाळ्याच्या पुढे तग धरेल असं वाटत नव्हतं.

मी सांगलीत खणभागात राहते. घरातच अक्षरजुळणी आणि मांडणीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, अधूनमधून एखादं पुस्तक असं वर्षभर चालू असतं, पण घराला खरा हात लागतो तो दोन कामांनी. एक म्हणजे पतसंस्थांचे आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे ऑगस्ट लागला की अहवाल एकमेकांच्या पाठीवर येतात. दुसरं काम दिवाळी अंकाचं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. प्रेसवाल्या अण्णांनी जुलैतच बजावलं होतं, "ताई, २५ सप्टेंबरला प्लेटा निघाल्या पायजेत. त्याच्या पुढं मशीन मोकळं न्हाई."

लॅपटॉप २०१७ चा होता. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. "डेस्कटॉप घ्या की, निम्म्या पैशात होईल," असं मला निदान सहा जणांनी सांगितलं. त्यांचं चूक नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीत टेबल बुडालं. बारा दिवसांनी दार उघडलं तर डेस्कटॉपच्या डब्यातून चिखल ओघळत होता. लॅपटॉप मात्र पिशवीत घालून मी डोक्यावरून बाहेर काढला होता. दहा वर्षांच्या फायली वाचल्या त्या त्याच्यामुळे. उचलून नेता येणार नाही असं यंत्र मी पुन्हा घरात आणणार नव्हते. यावर माझा विचार कधीच डळमळला नाही.

त्याची अवस्था आता अशी होती की बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला होता. दुरुस्तीवाल्यानं बॅटरी काढूनच टाकली, फुगलेली ठेवणं धोक्याचं म्हणाला. मग तो फक्त वायरवर चालायचा. एकदा ६४ पानांच्या अहवालात ताळेबंदाचं कोष्टक लावत होते, डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता, आकडे उजव्या कडेला जुळवून घेत. तेवढ्यात वीज गेली आणि अर्ध्या तासाचं काम गेलं. इन्व्हर्टर आहे आमच्याकडे, पण तो सुरू होईपर्यंतचा डोळा मिटण्याइतका वेळही त्या लॅपटॉपला सोसत नव्हता.

त्यात विंडोज १०. त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्याच्या पुढची लागते. माझी सातवी. भाचा विश्रामबागला इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, "आत्या, अट चुकवून ११ टाकता येतं, मी टाकून देतो." मी नको म्हटलं. अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री कुणी देत नाही, आणि माझ्याकडे पतसंस्थांच्या सभासदांच्या याद्या असतात. पण त्यानंच दुसरी माहिती काढून दिली, ती उपयोगी पडली. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येत होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की त्याला पैसेही पडत नव्हते. म्हणजे १४ ऑक्टोबर ही काही फाशीची तारीख नव्हती. डोक्यावरचं एक ओझं उतरलं.

तरी घ्यायचा कधी, हा प्रश्न होताच. जो भेटेल तो थांबायचं एक कारण देत होता. म्हणून मी हिशेबाच्या वहीत एक पान केलं. डावीकडे कशासाठी थांबायचं ते आणि उजवीकडे ते कधी कळणार त्याची तारीख.

पहिली नोंद १५ ऑगस्टची. पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा केली, दिवाळीची भेट म्हणून. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या भिशीच्या ग्रुपवर एकच विषय, आता दिवाळीपर्यंत काही घेऊ नका. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. माझी जीएसटी नोंदणी नाही, तेवढी उलाढालच नाही, त्यामुळे भरलेला कर मला कुठेही वळता होत नाही. ६५,००० च्या लॅपटॉपमध्ये जवळपास १०,००० रुपये कराचे असतात. ते निम्मे झाले तर? थांबण्यासारखंच होतं. पुढे कळलं की जीएसटी कौन्सिलची बैठक ३ सप्टेंबरला बसणार. मी उजवीकडे लिहिलं, ३ सप्टेंबर.

दुसरी नोंद ऑनलाइन सेलची. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास मोठे सेल लागतात, पण तेव्हा यंदाची तारीख जाहीर व्हायची होती. आणि सेलमध्ये घेतलेला लॅपटॉप घरी येऊन, त्यावर सगळं बसवून, चालतंय की नाही बघेपर्यंत २५ सप्टेंबर उलटून जाणार हे उघड होतं. या नोंदीवर मी काट मारली.

तिसरी नोंद भाच्याची. इंटेलची नवी पिढी येतेय, पँथर लेक, तिची बॅटरी फार चांगली असणार, थांब म्हणाला. कधी येणार? वर्षाखेरीला, नाहीतर जानेवारीत. मग सांगलीच्या दुकानात कधी? आणि माझ्या साठ हजारांत बसेल अशा किमतीत कधी? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ते पान बरेच दिवस समोर होतं आणि त्या रिकाम्या उजव्या बाजूनंच मला काय ते दाखवलं. तारीख असलेलं थांबणं मला परवडतं, कारण त्याच्या अलीकडे काम कसं रेटायचं ते ठरवता येतं. तारीख नसलेलं थांबणं परवडत नाही. त्या नोंदीवरही काट.

चौथी नोंद सासूबाईंची. "घ्यायचं ते अनंत चतुर्दशीच्या आत घे, पितृपक्षात नवी वस्तू घरात आणू नको." त्यांचं वय ७८, आणि त्यांनी माझ्या कामात कधी आडकाठी केलेली नाही. त्यांचं हे मी मानते. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, पुढे पितृपक्ष २१ पर्यंत. म्हणजे जीएसटीचं ३ तारखेला कळणार आणि ६ तारखेच्या आत घ्यायचं. मधे दोन-तीन दिवस.

एवढं ठरल्यावर मी ऑगस्टचे उरलेले दिवस कुठला घ्यायचा यावर घालवले. खरं सांगायचं तर माझं मन एका नव्या लॅपटॉपवर बसलं होतं. स्टेशन चौकाकडच्या दुकानात तो नुकताच आला होता. पातळ, वजन सव्वा किलोच्या आसपास, आत स्नॅपड्रॅगनचा प्रोसेसर, वर कोपायलट प्लसचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय लॅपटॉपचा शिक्का. हे स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप जून २०२४ मध्ये बाजारात आले तेव्हा लाखाच्या घरात होते, २०२५ मध्ये त्यांचे स्वस्त अवतार निघाले आणि हा त्यातलाच एक. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, सकाळी चार्जिंग काढा, संध्याकाळपर्यंत बघायचं काम न्हाई." ज्या बाईचा लॅपटॉप वीज गेली की मरतो तिला हे वाक्य किती गोड लागलं असेल!

पण माझ्या पर्समध्ये एक वस्तू होती. अंगठ्याएवढं यूएसबीचं लॉक. मी जे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरते ते जुनं आहे, आणि हे लॉक लावल्याशिवाय ते उघडत नाही. २००९ पासूनच्या सगळ्या फायली त्याच्या फॉन्टमध्ये आहेत. नवं काम मी युनिकोडमध्ये करते, पण दिवाळी अंकातला एक लेखक अजून त्याच जुन्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवतो आणि पतसंस्था म्हणतात, "मागल्या वर्षीचाच काढा ओ, फक्त आकडे बदला." मागच्या वर्षीचा म्हणजे जुन्या फॉन्टमधला.

मी त्या मुलाला विचारलं, हे टाकून बघू देशील का? तो मालकांना विचारून आला आणि हो म्हणाला. पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर बसवलं. बसलं. लॉक लावलं. पडद्यावर चौकट आली, लॉक सापडत नाही. काढून दुसऱ्या भोकात लावलं, पुन्हा तेच. त्या मुलाचा चेहरा पडला, माझाही पडला असणार.

घरी आल्यावर भाच्यानं उलगडून सांगितलं. या प्रोसेसरची भाषा वेगळी, फोनमध्ये असते त्या जातीची. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले प्रोग्राम विंडोज तिथल्या तिथे भाषांतर करून चालवतं, आणि बहुतेक चालतातही. पण ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, भाषांतर होत नाही. प्रिंटर, स्कॅनर, लॉक यांचे ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी नव्यानं लिहिलेलेच लागतात. माझ्या लॉकचा तसा ड्रायव्हर नव्हता. कंपनीला फोन केला, तर पुढे येईल म्हणाले. कधी? सांगता येत नाही. पुन्हा तारीख नाही.

त्या लॅपटॉपला नावं ठेवायची नाहीत मला. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि वर्डमध्ये आहे त्यानं तो खुशाल घ्यावा, इतकी शांत मशीन मी दुसरी पाहिली नाही. मॅकबुकचंही तेच. मार्चमध्ये आलेला एम-फोरचा एअर तेव्हा ९९,९०० ला होता, १६ जीबी रॅमसकट. पण माझं लॉक विंडोजचं आणि पैसे साठ हजार, म्हणून तिकडे मी बघितलंच नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. आमच्या भागात हे दोन आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. तीन दिवस काम कमी आणि मोबाइलवर कोयनेचा विसर्ग बघणं जास्त. जुना लॅपटॉप आणि दोन हार्डडिस्क पिशवीत भरून दाराशी ठेवल्या होत्या. पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. पण ती पिशवी उचलून बघताना एक ठरलं, सोळा इंची अडीच किलोचं गेमिंगचं यंत्र आपल्याला नको.

मग उरले इंटेल आणि एएमडीचे साधे लॅपटॉप. इथे नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे ओळखायलाच मला आठवडा लागला. डब्यावर नवा आकडा असतो, आत माल जुना असू शकतो. एएमडीच्या २०२३ आणि २०२४ मधल्या चार आकडी नावांत तिसरा आकडा बघायचा, तो आतल्या रचनेचा असतो. रायझन ७७३५ मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे २०२३ च्या नावाखाली आदल्या पिढीची रचना. ८८४५ मध्ये तिसरा ४, म्हणजे झेन ४ ही त्याच्या पुढची रचना. इंटेलकडेही तसंच. २०२४ च्या जानेवारीत आलेला कोअर ७ १५०यू नावानं नवा, पण आत १३ व्या पिढीचीच रचना. जुनी रचना वाईट असते असं नाही, पण नव्याची किंमत देऊन ती घ्यायची नाही. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात.

पडद्याचं मला जास्त महत्त्वाचं होतं. मी पेनड्राइव्हवर दोन पानं नेली होती. एक दिवाळी अंकाचं कच्चं मुखपृष्ठ, झेंडूचा केशरी आणि हळदीचा पिवळा. दुसरं साध्या मजकुराचं, ९ पॉइंटमधलं, ज्यात 'वाऱ्यावर', 'ऱ्हास', 'दुर्ग्राह्य', 'कर्तृत्व' असे शब्द मुद्दाम घातले होते. ५५,००० च्या एका लॅपटॉपवर मुखपृष्ठ उघडलं आणि हळद गेली. उरला तो पिठल्याचा रंग. माहितीपत्रकात बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं होतं. हा आकडा दिसला की समजायचं, पडद्याला रंग कमी पडणार, एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या मापाचे साधारण साठ टक्केच दिसणार. शेजारच्या १०० टक्के एसआरजीबीच्या पडद्यावर तेच पान उघडलं आणि हळद परत आली, मार्केट यार्डात पोतं फोडल्यावर दिसते तशी. अण्णा नेहमी म्हणतात, स्क्रीन बघून रंग ठरवू नका, शेडकार्ड बघा. ते बरोबरच आहे. पण गिऱ्हाईक माझ्या शेजारी बसून स्क्रीनच बघत असतं.

दुसऱ्या पानावर 'ऱ्हास' मधला अर्धा र नीट दिसतोय का आणि 'कर्तृत्व'चा वरचा रफार आणि खालचा ऋकार जागेवर बसतायत का, एवढंच बघायचं होतं. जुन्या १३६६ ठिपक्यांच्या पडद्यावर मला ते मोठं करूनच बघावं लागायचं. इथे १९२० बाय १२०० वर, चष्मा न सावरता, दिसलं. नेहमीच्या १०८० पेक्षा उंचीचे ते जास्तीचे १२० ठिपके पानाच्या मांडणीला फार कामाचे. तळाची ओळ बघायला सारखं सरकावं लागत नाही.

३ सप्टेंबरला रात्री बातम्या आल्या. मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ वर. लॅपटॉप १८ वरच. मी टीव्ही बंद केला आणि वहीत त्या नोंदीसमोर खूण केली. वाईट वाटलं नाही. कळलं, एवढंच हवं होतं.

५ तारखेला, शुक्रवारी, सकाळी अकराला दुकानात गेले. रायझन ७ ८८४५एचएस, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १४ इंची पडदा, वर्षभराची घरी येऊन दुरुस्ती. इंजिनीअर कोल्हापूरहून येणार, पण येणार. ६८,००० सांगितले, ६६,५०० वर तुटलं. भिशीचे साठ आणि अहवालांचे आलेले साडेसहा. पैसे द्यायच्या आधी पुन्हा लॉक लावून बघितलं, आणि पुन्हा चालेना! क्षणभर पोटात गोळा आला. पण हा आजार वेगळा निघाला. विंडोज ११ मध्ये सुरक्षेचं एक बटण असतं, मेमरी इंटिग्रिटी नावाचं. ते नव्या लॅपटॉपवर आधीच चालू असतं आणि जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरना आत येऊ देत नाही. दुकानातला मुलगा बटण बंद करायला निघाला, मी थांबवलं. लॉक बनवणाऱ्यांच्या साइटवर नवा ड्रायव्हर होता, तो उतरवला, पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर माझं जुनं सॉफ्टवेअर उघडलं. मी 'श्री' टाइप केला. दुकानातच हात जोडले.

एकच गोष्ट राहिली. या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन जागा आहेत आणि १६ जीबीची एकच पट्टी एका जागेत. तो निवडण्याचं हेही एक कारण होतं. त्या पातळ नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाकलेली होती, पुढे वाढवता येणार नव्हती. भाचा म्हणाला, दुसरी पट्टी आताच टाक, दोन असल्या की आतल्या ग्राफिक्सलाही वेग येतो. दुकानात १६ जीबीची पट्टी ३,९०० ला होती. माझ्याकडे तेवढे उरले नव्हते, आणि उधारी मला आवडत नाही. म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

सासूबाईंनी झाकणाला हळदकुंकू लावलं, थोडं की-बोर्डच्या फटीत गेलं, ते मी मऊ ब्रशनं काढलं. त्या रात्री फॉन्ट उतरवले, दुसऱ्या दिवशी अहवाल. २५ तारखेला दुपारी दिवाळी अंकाच्या प्लेटा निघाल्या. १४४ पानं, शेवटच्या दोन दिवसांत तीन वेळा वीज गेली आणि एकही ओळ गेली नाही.

नोव्हेंबरात हातात पैसे आले तेव्हा पट्टीचा भाव विचारायला गेले, तर आकडा दुप्पट. वाटलं, उतरेल. डिसेंबरात वाचलं की जगातल्या मेमरी कंपन्या आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवतायत. मायक्रॉननं तर ३ डिसेंबरला जाहीर केलं की आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करणार. मी पुन्हा दुकानात गेले तेव्हा तीच ३,९०० ची पट्टी साडेबारा हजारांना होती. त्या मुलानं कॅल्क्युलेटर माझ्यापुढे फिरवला आणि काही बोलला नाही. फार हळहळले मी. सप्टेंबरात सासूबाईंकडे मागितले असते तर त्यांनी चार हजार हसत दिले असते.

जुना लॅपटॉप फडताळात आहे, त्याचं वाय-फाय बंद करून ठेवलंय. कुणाची फारच जुनी फाइल निघाली तर तो वायरवर लावते. नव्यात १६ जीबीवर काम होतंय, पण मुखपृष्ठ आणि १४४ पानं एकदम उघडली की अडखळतं, आणि ऑगस्टमध्ये अहवाल येणार. नव्या भिशीत मी मेचा नंबर मागून घेतलाय. वहीत नवं पान केलं, डावीकडे लिहिलं, दुसरी पट्टी. उजवीकडे, ३१ मे, भाव असेल तो.